टोकियोच्या उंच इमारतीतील चित्रखोलीत मुक्काम : प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

टोकियोतील बहुतेक हॉटेलांत खोली म्हणजे दिवसभर हिंडून आल्यावर पाठ टेकण्याची जागा असते आणि तेवढ्या कामासाठी ती पुरेशीही असते. शिओदोमे भागातील पार्क हॉटेल टोकियोच्या एकतिसाव्या मजल्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तेथील खोल्या जपानी चित्रकारांनी थेट भिंतींवर रंगवलेल्या आहेत. प्रत्येक खोलीला एक विषय आणि एक चित्रकार दिलेला असून, चित्रकाराने हॉटेलातच मुक्काम करून ती खोली पूर्ण केली आहे. हे हॉटेल २००३ मध्ये शिओदोमे मीडिया टॉवर या चौतीस मजली इमारतीत सुरू झाले आणि ते पंचविसाव्या मजल्यापासून वर आहे. खोल्या रंगवण्याचा उपक्रम २०१२ च्या अखेरीस हिरोयुकी किमुरा यांच्या सुमो कुस्तीगिरांच्या खोलीपासून सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत तो संपूर्ण मजलाभर पसरला.

नवखा प्रवासी येथे सहसा असे करतो : रात्री उशिरा पोहोचतो, सकाळी आठला बाहेर पडतो, रात्री दहाला थकून परततो आणि ज्या चित्रासाठी जास्तीचे पैसे मोजले ते दिव्याच्या पिवळ्या उजेडात, डोळे मिटता मिटता पाहतो. या लेखातील साऱ्या सूचनांमागे एकच आग्रह आहे. अशा हॉटेलात खोली हेच पाहण्याचे ठिकाण आहे असे मानून प्रवासाचे वेळापत्रक आखावे, आणि शहर पाहण्याच्या यादीतून किमान एक दुपार आणि एक सकाळ खोलीसाठी वेगळी काढावी.

आधी खोली निवडावी, मग तारीख

बहुतेक लोक आधी तारखा ठरवतात, मग हॉटेल शोधतात आणि जी खोली मिळेल ती घेतात. येथे हा क्रम उलटा करणे फायद्याचे ठरते. हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर चित्रखोल्या छायाचित्रांसह, विषय आणि चित्रकाराच्या नावासह दाखवलेल्या आहेत. त्या शांतपणे पाहून आपल्याला आवडलेल्या तीन-चार खोल्यांची पसंतीक्रमाने नोंद करावी आणि त्यांपैकी एखादी कोणत्या दिवशी मोकळी आहे हे पाहून तारीख निश्चित करावी. इतर आरक्षण संकेतस्थळांवर पुष्कळदा केवळ खोलीचा प्रकार निवडता येतो आणि त्या प्रकारातील नेमकी कोणती खोली मिळेल हे कळत नाही. म्हणून विशिष्ट खोली हवी असल्यास हॉटेलशी थेट व्यवहार करावा, खोलीचे नाव लेखी कळवावे आणि त्याचे लेखी उत्तर येईपर्यंत आरक्षण पक्के झाले असे समजू नये. हॉटेलात साध्या खोल्याही आहेत. केवळ हॉटेलचे नाव पाहून आरक्षण केले, तर बहुधा चित्र नसलेलीच खोली वाट्याला येते, ही गोष्ट प्रथमच जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

निवड करताना छायाचित्रातील आकर्षकपणापेक्षा त्या चित्रासोबत रात्र काढता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. किमुरा यांच्या खोलीतील कुस्तीगीर काळ्या शाईच्या रुंद, वेगवान फटकाऱ्यांनी उभे केलेले आहेत. ती आकृती पांढऱ्या भिंतीवर अंगावर आल्यासारखी उभी राहते आणि काहींना तिचा जोम फार आवडतो, तर काहींना झोपण्यापूर्वी एवढी ताकद डोळ्यांसमोर नको वाटते. हिरोको ओताके यांची चेरीच्या बहराची खोली याच्या अगदी उलट टोकाला आहे. झोप सावध असणाऱ्यांनी, तसेच लहान मुलांसोबत जाणाऱ्यांनी, गडद पार्श्वभूमीच्या किंवा मुखवटे-चेहरे असलेल्या खोल्यांपेक्षा झाडे, फुले, कागद यांसारखे शांत विषय निवडावेत, असे माझे मत आहे. एकट्याने जाणाऱ्या आणि चित्रकलेची आवड असलेल्या व्यक्तीला मात्र मी शाईच्या कामाची खोली सुचवेन. शाईचा फटकारा एकदाच मारता येतो, तो खोडता येत नाही, आणि हाताचा तो एकेक निर्णय इतक्या जवळून, इतका वेळ पाहण्याची संधी संग्रहालयात मिळत नाही.

दुसरा विचार खिडकीच्या दिशेचा. इमारतीच्या पश्चिमेकडील खोल्यांतून टोकियो टॉवर दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच दिशेला दूरवर फुजी पर्वतही दिसतो. फुजी दिसण्याची शक्यता हिवाळ्यातील कोरड्या सकाळी सर्वाधिक असते. उन्हाळ्यातील दमट धूसर हवेत त्याची आशा ठेवू नये. दुसऱ्या बाजूला हामारिक्यू उद्यान आणि खाडीचा भाग येतो. बहुतेक लोक टॉवरसाठी धडपडतात. चित्राच्या दृष्टीने मात्र दिशेचा अर्थ निराळा आहे : पूर्वेकडील खोलीत सकाळी थेट प्रकाश येतो, पश्चिमेकडील खोलीत दुपारनंतर. सकाळी निवांत राहणाऱ्याने पूर्व आणि दुपारी लवकर खोली ताब्यात घेऊ शकणाऱ्याने पश्चिम निवडावी, असा साधा नियम ठेवता येतो.

ऋतूचाही येथे मोठा भाग आहे. डिसेंबरमध्ये टोकियोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. खोली दुपारी उशिरा हाती आली तर पहिल्या दिवशी नैसर्गिक उजेडाचा फार तर तासभर मिळतो. जूनमध्ये उलट सूर्य पहाटे साडेचारच्या आसपास उगवतो, त्यामुळे पूर्वेकडील खोलीत पडदे घट्ट न लावल्यास झोप मोडते. मार्चचा शेवट आणि एप्रिलचा आरंभ हा चेरीच्या बहराचा काळ, एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा सुट्ट्यांचा काळ आणि वर्षअखेर या दिवसांत दर चढलेले असतात. शनिवारची रात्र बहुधा महाग आणि रविवारची त्या मानाने स्वस्त असते. शक्य असल्यास सलग दोन रात्री घ्याव्यात, कारण मधला एक पूर्ण दिवस मिळाल्याशिवाय सकाळचा, दुपारचा आणि संध्याकाळचा असे तिन्ही उजेड पाहता येत नाहीत.

आरक्षणातील बारकावे

जपानमध्ये खोलीचा दर पुष्कळदा माणशी आकारला जातो, म्हणून आरक्षण करताना राहणाऱ्यांची संख्या खरी आणि नेमकी लिहावी. एकट्याच्या नावे खोली घेऊन तेथे दोघांनी राहणे तेथील पद्धतीत बसत नाही. दरात दहा टक्के उपभोग कर आणि सेवाशुल्क धरलेले आहे का, हे वाचून घ्यावे. याशिवाय टोकियो महानगराचा निवासकर असतो. ऑक्टोबर २००२ पासून चालत आलेल्या रचनेनुसार माणशी एका रात्रीचा दर १०,००० येनच्या खाली असल्यास हा कर लागत नाही, १०,००० ते १४,९९९ येनसाठी १०० येन आणि १५,००० किंवा त्याहून अधिक दरासाठी २०० येन असा तो आहे. अशा करांत बदल होत असतात, म्हणून आपल्या तारखांसाठी लागू असलेला दर आरक्षणाच्या वेळीच विचारावा. हॉटेलात बक्षिसी देण्याची प्रथा नाही. ती देऊ केल्यास कर्मचाऱ्याची पंचाईतच होते.

पलंगाची रुंदीही पाहावी. टोकियोच्या हॉटेलांत ‘सेमी-डबल’ नावाचा पलंग सुमारे १२० सेंटीमीटर रुंद असतो आणि दोन प्रौढांना तो अडचणीचा होतो. या शहरात खोल्या एकूणच आटोपशीर असतात. दोन मोठ्या बॅगा जमिनीवर उघडून ठेवल्या की चालायला जागा उरत नाही आणि चित्र पाहण्यासाठी मागे सरकणेही शक्य होत नाही. म्हणून चित्रखोलीत जाताना सामान कमी ठेवणे ही गोष्ट केवळ सोयीची नसून पाहण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

पोहोचणे

येथे नावांचा घोटाळा होण्याची खरी शक्यता आहे. शिओदोमे भागातच रॉयल पार्क हे दुसरे उंच हॉटेल आहे, त्याचा स्वागतकक्षही असाच उंचावर, चोविसाव्या मजल्यावर आहे, आणि शिंजुकू भागात पार्क हयात हे तिसरेच हॉटेल आहे. टॅक्सीचालकाला नुसते ‘पार्क हॉटेल’ असे सांगू नये. शिओदोमे मीडिया टॉवर हे इमारतीचे नाव आणि जपानी लिपीतील पत्ता मोबाइलवर तयार ठेवून तो दाखवावा.

हानेदा विमानतळावरून केइक्यू मार्गाच्या गाड्या पुढे असाकुसा भुयारी मार्गावर जातात आणि त्यांपैकी पुष्कळ गाड्या न बदलता थेट शिंबाशी स्थानकात पोहोचवतात. मोनोरेलने हामामात्सुचोपर्यंत येऊन तेथून जेआर या रेल्वे कंपनीच्या गाडीने एक स्थानक पुढे शिंबाशीला येणे हाही सोपा पर्याय आहे. नारिता विमानतळावरून केइसेई कंपनीच्या अ‍ॅक्सेस एक्सप्रेस गाड्यांपैकी हानेदाच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या शिंबाशीवरूनच जातात. शिओदोमे हे स्वतंत्र स्थानक ओएदो भुयारी मार्गावर आणि चालकाविना धावणाऱ्या युरिकामोमे मार्गावर आहे, आणि हॉटेल या स्थानकाच्या जवळ आहे. सुइका किंवा पास्मो हे कार्ड घेतले की या सर्व मार्गांवर वेगळे तिकीट काढावे लागत नाही.

शिओदोमेचा परिसर नवख्याला गोंधळात टाकतो, कारण तेथे पादचारी मार्ग एकावर एक अशा पातळ्यांवर आहेत : खाली भुयारी चौक, त्यावर रस्ता आणि त्याहून वर इमारतींना जोडणारे पूल. नकाशावर आपण इमारतीच्या दारात उभे दिसतो आणि प्रत्यक्षात एक मजला खाली किंवा वर असतो. अशा वेळी सामानासह इकडेतिकडे भटकण्यापेक्षा जवळची लिफ्ट शोधून रस्त्याच्या पातळीवर यावे आणि तेथून इमारतीचे नाव वाचत जावे. इमारतीच्या खालच्या मजल्यांवर कार्यालये आहेत, क्योदो ही वृत्तसंस्था त्यांपैकीच एक. तळाशी हॉटेलचे वेगळे प्रवेशद्वार आणि वेगळ्या लिफ्ट आहेत. कार्यालयांच्या लिफ्टपाशी रांगेत उभे राहण्यात वेळ जातो.

पंचविसावा मजला

लिफ्ट वेगाने वर जाते आणि कानांना दडे बसल्यासारखे होऊ शकते. आवंढा गिळला की बरे वाटते, लहान मुलांना त्या वेळी पाणी प्यायला द्यावे. दार उघडते ते पंचविसाव्या मजल्यावर, जेथून छतापर्यंत दहा मजल्यांची पोकळी उभी आहे आणि खोल्या तिच्या चहूबाजूंनी आहेत. या जागेत चित्रे, शिल्पे आणि मांडणीशिल्पे ऋतुमानानुसार बदलत्या प्रदर्शनांच्या रूपाने मांडलेली असतात.

स्वागतकक्षात पासपोर्ट द्यावा लागतो. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्यांचे राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक नोंदवणे हॉटेलांना बंधनकारक आहे आणि पासपोर्टची छायाप्रतही घेतली जाते. त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. खोलीचे नाव तेथे पुन्हा एकदा उच्चारून खातरजमा करावी आणि त्या खोलीविषयी चित्रकाराचे निवेदन किंवा माहितीपत्रक इंग्रजीत मिळेल का, हे विचारावे. खोली ताब्यात मिळण्याच्या वेळेपूर्वी पोहोचल्यास सामान ठेवून घेतात. तो मोकळा वेळ बाहेर घालवण्याऐवजी याच मजल्यावरील प्रदर्शन पाहण्यात घालवावा, कारण नंतर मनुष्य घाईने लिफ्टकडे जातो आणि ते राहून जाते.

चित्रासोबत राहणे

आता मुख्य विषयाकडे येतो. खोलीत शिरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे पडदे पूर्ण उघडावेत आणि विजेचे दिवे बंद करावेत. बॅग उघडण्याआधी हे करावे, कारण एकदा वस्तू पसरल्या की खोलीचा पहिला ठसा परत मिळत नाही. नंतर दारापाशी, खिडकीपाशी आणि पलंगाच्या कडेला अशा तीन ठिकाणी थोडा थोडा वेळ थांबावे. या खोल्या रंगवताना चित्रकारांना एका सपाट चौकटीची सोय नव्हती. त्यांना स्विच, दारे, कोपरे, आरसा, वातानुकूलनाची जाळी या सर्वांशी जुळवून घ्यावे लागले. चित्र कुठे कोपरा ओलांडते, कुठे स्विचपाशी वळण घेते, कुठे मुद्दाम थांबते हे शोधत गेले की चित्रकाराचा विचार उलगडू लागतो.

त्यानंतर पलंगावर पडून पाहावे. हा सल्ला विचित्र वाटेल, पण जपानी परंपरेत घरातील चित्र हे बसून किंवा टेकून पाहण्यासाठीच असे. सरकत्या दारांवर आणि घडीच्या पडद्यांवर रंगवलेली चित्रे खोलीचाच भाग असत आणि लोक त्यांच्या सान्निध्यात जेवत, बोलत, झोपत. क्योटोच्या निजो किल्ल्यात सोनेरी पार्श्वभूमीवरील पाइन वृक्षांची जी भव्य दारे आहेत, ती आज आपण उभे राहून, दोरीपलीकडून पाहतो. ज्यांच्यासाठी ती रंगवली गेली, ते लोक ताटामीवर, म्हणजे जमिनीवरील गवती चटयांवर, बसलेले होते आणि त्यांची नजर जमिनीपासून हातभर उंचीवर होती. संग्रहालयांनी हा अनुभव आपल्यापासून दूर नेला आहे आणि चित्रखोलीत तो काही अंशी परत मिळतो, म्हणून मला अशा मुक्कामाचे मोल वाटते. मोकळी सोडलेली जागाही याच अंगाने पाहावी. जपानी चित्रात रिकामी भिंत हा कामातील उणेपणा नसतो. शाईच्या एका आकृतीभोवती जितकी पांढरी जागा ठेवली आहे, तितकीच त्या आकृतीला हालचाल मिळते.

जेथे सोनेरी किंवा चंदेरी रंग आहे, तेथे उजेड उतरताना मुद्दाम खोलीत असावे. जुन्या जपानी वास्तूंत सोन्याचा वर्ख केवळ वैभव दाखवण्यासाठी नव्हता. आतल्या अंधाऱ्या दालनांत तो थोडासा प्रकाशही परतवून खोली उजळीत असे. दुपारी सपाट, थोडी भडक वाटणारी सोनेरी जागा संध्याकाळी खोल आणि मऊ दिसू लागते. हा बदल अर्ध्या तासात घडतो आणि त्यासाठी काहीही करावे लागत नाही, फक्त दिवा न लावता बसावे लागते.

अंधार पडल्यावर खोलीतील दिवे मंद किंवा बंद ठेवून खिडकीबाहेर पाहावे. दिवे लावलेले असताना काचेत आपलेच प्रतिबिंब दिसते आणि शहर दिसत नाही. टोकियो टॉवर ३३३ मीटर उंच असून तो १९५८ मध्ये उभा राहिला. त्याची नेहमीची रोषणाई हिवाळ्यात नारिंगी आणि उन्हाळ्यात पांढरी असते आणि ती मध्यरात्री बंद होते. पश्चिमेकडील खोली घेतली असल्यास बाराच्या आत परत यावे.

छायाचित्रे काढायची तर ती पाहून झाल्यावर काढावीत, फ्लॅश टाळावा आणि रुंद भिंत एका चौकटीत कोंबण्याच्या प्रयत्नात पलंगावर उभे राहू नये. स्वतःच्या आठवणीसाठी छायाचित्रे घेण्यास अडचण येत नाही, परंतु ही चित्रे चित्रकारांच्या निर्मिती आहेत. व्यावसायिक चित्रीकरणासाठी, विक्रीच्या वस्तूंवर छापण्यासाठी किंवा जाहिरातीसाठी हॉटेलची आधी परवानगी घेणे आवश्यक आहे. समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकताना चित्रकाराचे नाव लिहिण्याची सवय ठेवावी.

भिंतीची काळजी

थेट भिंतीवर केलेल्या कामापुढे काच नसते, म्हणून पाहुण्याचे वागणे हेच त्याचे संरक्षण ठरते. बॅग भिंतीला टेकवून उभी करू नये, तिची चाके आणि कडा रंग खरवडतात. ओले कपडे किंवा छत्री चित्राजवळ वाळत घालू नये, धुण्यासाठी लॉन्ड्रीची सोय विचारावी. गरम पाण्याने अंघोळ करताना न्हाणीघराचे दार लावून घ्यावे, म्हणजे वाफ खोलीत पसरत नाही. पलंगाच्या मागच्या भिंतीवर चित्र असल्यास तेल लावलेले केस किंवा हात भिंतीला टेकणार नाहीत, हे पाहावे. पोत जाणून घेण्यासाठी बोट फिरवण्याचा मोह होतो, तो आवरावा. मुले सोबत असतील तर त्यांचे रंग, पेन आणि चिकटणारी चित्रे बॅगेतच ठेवावीत. रंगवलेली भिंत पाहून आपणही भिंत रंगवावी असे त्यांना वाटणे अगदी स्वाभाविक आहे. चुकून ओरखडा किंवा डाग पडलाच, तर स्वतः पुसण्याचा प्रयत्न मुळीच करू नये आणि ताबडतोब स्वागतकक्षाला कळवावे. ओल्या कापडाने पुसल्यामुळे होणारे नुकसान मूळ डागापेक्षा मोठे असते.

विजेच्या बाबतीत एक सूचना पुरेशी आहे : जपानमध्ये दाब १०० व्होल्ट असतो आणि दोन सपाट पट्ट्यांचा प्लग लागतो, म्हणून मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर साध्या अडॅप्टरने चालतात, परंतु २३० व्होल्टचे केस वाळवण्याचे यंत्र किंवा पाणी तापवण्याचे साधन नेण्यात अर्थ नाही.

उंचीवर असताना भूकंप झाल्यास

हा भाग घाबरवण्यासाठी लिहिलेला नाही, पण तो वगळणे बेजबाबदारपणाचे होईल. उंच इमारती दीर्घ आवर्तनाच्या कंपनांना प्रतिसाद देतात, म्हणजे केंद्र दूर असलेल्या मोठ्या भूकंपातही वरचे मजले सावकाश, रुंद हेलकावे घेतात आणि ते बराच वेळ चालू राहतात. ११ मार्च २०११ रोजी टोकियोतील गगनचुंबी इमारती कित्येक मिनिटे डोलत होत्या. हे डोलणे इमारत कमकुवत असल्याचे लक्षण नसून तिची रचनाच तशी केलेली असते. जपानच्या हवामान संस्थेने फेब्रुवारी २०२३ पासून या प्रकारच्या कंपनांचाही समावेश भूकंपाच्या तातडीच्या इशाऱ्यात केला आहे. मोबाइलवर मोठ्या आवाजात इशारा वाजला, तर खिडकी, दूरदर्शन संच आणि आरसा यांपासून दूर व्हावे, उशीने डोके झाकून पलंगाच्या कडेला खाली बसावे आणि हेलकावे थांबेपर्यंत तेथेच राहावे. जिन्याकडे धावू नये. लिफ्ट मुळीच वापरू नये, कारण कंपन जाणवताच ती जवळच्या मजल्यावर आपोआप थांबण्याची व्यवस्था असते आणि तपासणी होईपर्यंत ती बंद राहते. लिफ्टमध्ये असतानाच कंपन सुरू झाले तर सर्व मजल्यांची बटणे दाबून जेथे दार उघडेल तेथे बाहेर पडावे. त्यानंतर हॉटेलच्या घोषणेची वाट पाहावी.

खोलीत आल्या दिवशीच दारामागचा नकाशा पाहून आपत्कालीन जिना दोन्ही दिशांना कुठे आहे हे प्रत्यक्ष चालून पाहावे. जपानी इमारतींच्या खिडक्यांवर लाल त्रिकोण दिसतात. त्या अग्निशमन दलाने आत शिरण्याच्या खिडक्या होत, मात्र ती सोय साधारण ३१ मीटर उंचीपर्यंतच असते. त्याहून वरच्या मजल्यांसाठी इमारतीत स्वतंत्र आपत्कालीन लिफ्ट असते आणि ती प्रामुख्याने अग्निशमन दलाच्या वापरासाठी असते. म्हणून आगीच्या वेळी आपल्यासाठी जिना हाच मार्ग आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११९, पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आहेत. एरवी प्रथम स्वागतकक्षाला फोन करणे सोयीचे ठरते.

उरलेल्या वेळात जवळचे काय पाहावे

लांबचे बेत दुसऱ्या मुक्कामासाठी ठेवावेत. चालत जाण्याच्या अंतरावर हामारिक्यू उद्यान आहे. एदो काळात, म्हणजे शोगुन या लष्करी शासकांच्या राजवटीत, ते शोगुन घराण्याचे होते आणि १९४६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. तेथील तळ्यात समुद्राचे पाणी येते आणि भरती-ओहोटीबरोबर त्याची पातळी बदलते. तळ्यातील चहागृहात बसून मागे पाहिले की शिओदोमेचे उंच मनोरे झाडांच्या वर उभे दिसतात. प्रवेशशुल्क ३०० येन आहे. ज्यांनी फुले, पाणी किंवा झाडे हा विषय असलेली खोली घेतली आहे, त्यांनी सकाळी उद्यान पाहून लगेच खोलीत परतावे आणि चित्रकाराने निसर्गातील काय घेतले व काय सोडून दिले हे ताज्या डोळ्यांनी पाहावे.

शिओदोमेमध्येच पॅनासॉनिकचे कला संग्रहालय आहे. फ्रेंच चित्रकार जॉर्ज रुओ यांच्या कामाचा संग्रह ही त्याची ओळख असून ते बहुधा बुधवारी बंद असते. जुन्या शिंबाशी स्थानकाची पुन्हा उभारलेली इमारतही जवळच आहे. जपानमधील पहिली रेल्वे १८७२ मध्ये येथूनच योकोहामाकडे धावली. संध्याकाळनंतर एखादे संग्रहालय पाहायचे असेल, तर ओएदो मार्गाने चौथ्या स्थानकावर असलेल्या रोप्पोंगीला जावे. तेथील मोरी कला संग्रहालय त्रेपन्नाव्या मजल्यावर असून मंगळवार वगळता ते साधारणतः रात्री दहापर्यंत उघडे असते. प्रदर्शने बदलण्याच्या काळात ते बंद राहते, म्हणून जाण्यापूर्वी तारखा पाहून घ्याव्यात. डिजिटल कलेची आवड असणाऱ्यांना युरिकामोमे मार्गाने शिन-तोयोसूपर्यंत थेट जाऊन टीमलॅब प्लॅनेट्स हे डिजिटल कलेचे संग्रहालय पाहता येते, मात्र त्याची तिकिटे वेळ ठरवून आधीच घ्यावी लागतात. हे सगळे एकाच दिवसात उरकण्याच्या फंदात पडू नये.

शाकाहारी प्रवाशांनी न्याहारीच्या वेळी विचारपूस करावी. जपानी स्वयंपाकात वाळवलेल्या माशाचा अर्क सूपपासून भाज्यांपर्यंत पुष्कळ ठिकाणी असतो आणि वरून पाहून तो कळत नाही.

निघण्याचा दिवस

शेवटच्या सकाळी बॅग आदल्या रात्रीच भरून दारापाशी ठेवावी, म्हणजे खोली पुन्हा मोकळी होते आणि पडदे उघडून ती सकाळच्या उजेडात पाहता येते. हिवाळा असेल आणि खिडकी पश्चिमेकडे असेल तर फुजीसाठी सूर्योदयानंतरचा पहिला तास राखून ठेवावा, कारण दिवस चढला की पर्वतावर ढग जमू लागतात. खोलीचे नाव, चित्रकाराचे पूर्ण नाव आणि चित्राचा विषय वहीत लिहून घ्यावा. यांपैकी अनेक चित्रकार आजही काम करत आहेत आणि त्यांची प्रदर्शने टोकियोतील गॅलरींत भरत असतात, म्हणून पुढच्या प्रवासात नाव हाताशी असले की शोधणे सोपे जाते.

मोठे सामान विमानतळावर पुढे पाठवण्याची सेवा जपानमध्ये विश्वासार्ह आहे आणि हॉटेलच्या स्वागतकक्षातून ती मिळते, परंतु बॅग उड्डाणाच्या किमान एक दिवस आधी, शक्यतो त्याहूनही आधी द्यावी लागते. संध्याकाळचे विमान असल्यास सामान हॉटेलातच ठेवून घ्यायला सांगावे. सकाळच्या गर्दीच्या वेळी, म्हणजे साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान, शिंबाशीच्या गाड्यांत मोठ्या बॅगा घेऊन चढू नये. विमानतळाकडे त्या वेळेच्या आधी किंवा नंतर निघावे, आणि ते शक्य नसल्यास विमानतळाच्या बसची वेळ आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवावी.